पडद्याची साथसंगत

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात अगदी मागच्या भारतीय बैठकीत बसलेल्या माणसाला मंचावरचं किती दिसतं? शालीचा रंग दिसतो, तानपुऱ्यांचे उभे दांडे दिसतात, त्यांच्यामधून अधूनमधून वर जाणारा एक हात दिसतो. चेहरा दिसत नाही. तो दिसतो मंचाच्या बाजूला उभ्या केलेल्या एलईडी पडद्यांवर, कपाळावरच्या आठीसकट, गळ्यावरच्या शिरेसकट. पुण्यात मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर, डिसेंबरच्या थंडीत हजारो माणसं ज्या चेहऱ्याकडे बघत गाणं ऐकतात तो हा पडद्यावरचा चेहरा. खरा गायक समोरच बसलेला असतो. तरी नजर पडद्याकडे जाते, आणि एकदा गेली की बहुधा तिथेच राहते.

या नजरेबद्दल मला फार दिवसांपासून लिहायचं होतं. मैफलीच्या परीक्षणात राग येतो, घराणं येतं, तबल्याची साथ येते, ध्वनिव्यवस्था कशी होती हेही येतं. त्या संध्याकाळी पडद्यावर काय दिसत होतं याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. पडदा म्हणजे जणू मांडवाचा खांब. मला वाटतं, आजच्या मोठ्या मैफलीत पडदा कलाकारांच्या रांगेत बसलेला असतो. तबला आणि हार्मोनियम साथीला असतात तसाच तोही. साथीदाराने गाणं उचलून धरलं की पाडलं, याची चर्चा आपण घरी परतताना रिक्षात करतो. पडद्याचीही तशीच करायला हवी.

पं. भीमसेन जोशी यांनी हा महोत्सव १९५३ साली सुरू केला, गुरूंच्या स्मरणार्थ. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. पुढे अनेक वर्षं महोत्सव शनिवार पेठेत रमणबाग शाळेच्या मैदानावर भरत होता आणि रात्र रात्र चालत होता. त्या रात्रींच्या आठवणी पुण्यात अजून घरोघरी निघतात. मी त्या ऐकत आले आहे, आणि ऐकता ऐकता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पुढे बसणाऱ्यांच्या आठवणी वेगळ्या आहेत आणि मागे बसणाऱ्यांच्या वेगळ्या. पुढे बसणारे भीमसेनजींचं अंग सांगतात: तान सुटताना वळलेला खांदा, दूर फेकलेला हात, षड्जावर येताना घट्ट मिटलेले डोळे. सांगताना त्यांचे स्वतःचे हातही हवेत फिरू लागतात. मागे बसणारे नुसता आवाज सांगतात. कर्ण्यातून आलेला, मैदानावरून वाहत आलेला, पहाटेच्या गारठ्यात आणखी स्वच्छ वाटलेला आवाज. त्यांच्या आठवणीतल्या भीमसेनजींना हातपाय नाहीत.

पडदे आले आणि हा भेद पुसला गेला. कमी पैशांत मागे बसलेल्या विद्यार्थ्याला, कोल्हापूर-साताऱ्याहून सकाळच्या गाडीने आलेल्या शिक्षिकेला, पहिल्या रांगेतल्या माणसाइतकंच, किंबहुना त्याच्यापेक्षा जास्त दिसू लागलं. गाणं शिकणाऱ्यासाठी तर हे वरदानच आहे. श्वास कुठे घेतला, जबडा किती उघडला, तार षड्जाला मान वर गेली की स्थिर राहिली, हे गुरूसमोर बसल्याशिवाय पूर्वी कळत नसे. पडद्याविरुद्ध कुणी बोलू लागलं की मला आधी हा मागे बसलेला विद्यार्थी आठवतो. पण त्याच वेळी मागे बसून ऐकण्याची ती दुसरी तऱ्हा आपल्यातून निघून गेली, हेही खरं. समोरचा दिसत नाही म्हणून कान ताणून, स्वतःच्या आत जागा करून ऐकणं. महोत्सवाच्या शेवटी आजही सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवी लावली जाते. जुनं ध्वनिमुद्रण. पाहिल्यावाचून जिवाला चैन नाही, असं आर्जव त्या ठुमरीत आहे, आणि ते आर्जव करणारा गायक कुणालाच दिसत नाही. कितीतरी तास पडद्यावर चेहरे पाहिल्यानंतर ही काही मिनिटं ज्या जातीचं ऐकणं घडतं, ते एकेकाळी मागच्या रांगेत रात्रभर घडत होतं.

डोळा कानाला किती फिरवतो याचा एक साधा, नेटका प्रयोग आहे. मायकेल शुट्झ आणि स्कॉट लिप्सकॉम्ब या दोन संशोधकांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. मरिंबा नावाचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य असतं, काठीने वाजवायचं. वादकाने कधी हात लांबवर वाहू देत आघात केला, कधी झटक्यात आखडून घेतला. नुसता आवाज ऐकणाऱ्यांना दोन्ही स्वर सारखेच लांब वाटले, कारण ते होतेच सारखे. पण चित्र पाहत ऐकणाऱ्यांना लांब हाताचा स्वर लांब ऐकू आला. डोळे मधे आले आणि कानातला स्वर वाढला.

आपला गायक तर मोकळ्या हातांनी गातो. वाद्य हातात नसतं, तरी मींड घेताना तो हवेतून काहीतरी हळूहळू ओढून आणतो. गमकेला वजन उचलतो. न्यासाच्या स्वरावर टेकला की तळवा आपोआप उघडतो. काही जण सूर चिमटीत धरतात आणि डोळ्यांसमोर आणून न्याहाळतात. हे सगळं दिसत असताना ऐकलेली मींड आणि नुसता चेहरा दिसत असताना ऐकलेली मींड, ध्वनिमुद्रणात दोन्ही एकसारख्या निघतील; ऐकणाऱ्याच्या आत त्या एकसारख्या राहत नाहीत. आणि पडद्यावर होतं काय, तर चेहरा भरगच्च घ्यायच्या नादात हात फ्रेमच्या बाहेर जातात. चेहऱ्याचा क्लोज-अप हा सिनेमाचा लाडका. तिथे भाव डोळ्यांत असतात. ख्यालात पुष्कळदा भाव मनगटात असतो, आणि छातीच्या खाली कॅमेरा उतरला नाही तर तो हरवतो. एका संध्याकाळी अर्धा यमन मी असा ऐकला: पडद्यावर हनुवटीपासून केसांपर्यंतचा चेहरा, आणि त्याच्या खाली, दूर मंचावर, बोटभर उंचीच्या आकृतीचे दोन्ही हात तीव्र मध्यम कुठूनसा उचलून वर नेत होते. मी शेवटी पडदा सोडला आणि त्या बोटभर आकृतीकडेच पाहत बसले.

याहून अस्वस्थ करणारी माहिती २०१३ सालची आहे. चिया-जुंग त्साय या संशोधिकेने पियानोच्या मोठ्या स्पर्धांमधल्या अंतिम तीन स्पर्धकांचे छोटे तुकडे लोकांसमोर ठेवले. काहींना नुसता आवाज, काहींना आवाजासह चित्र, काहींना निःशब्द चित्र. खरा विजेता सर्वांत नेमका ओळखला तो निःशब्द चित्र पाहणाऱ्यांनी. त्यात मुरलेले संगीतकारही होते. आपण आवाजावरच निवाडा करतो, असं बहुतेकांनी आधी सांगितलं होतं. आपल्या मैफलीत हजारो लोकांचे डोळे तीन-चार कॅमेऱ्यांच्या हवाली केलेले असतात. म्हणजे त्या रात्री गाणं रंगलं की नाही याचा बराचसा निकाल एका काळ्या कापडाआड बसून पडद्यावरची दृश्यं निवडणाऱ्या माणसाच्या बोटांवर असतो.

तबल्याच्या बाबतीत मात्र पडद्याने मला जे दिलं ते दुसऱ्या कशाने दिलं नसतं. झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी गेले, तेव्हा ज्याच्या त्याच्या बोलण्यात त्यांची बोटं होती, आणि ती बोटं आमच्यापैकी कित्येकांनी मैदानातल्या पडद्यावर पाहिलेली होती. ‘ना’ वाजवताना तर्जनी किनारीवर पडते हे कुणीही सांगेल. पण त्याच वेळी अनामिका शाईच्या काठावर कशी अलगद टेकलेली असते, हे मला पडद्यावर कळलं. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकतं आणि घुमार वर चढतो, ते सरकणं जेमतेम इंच-दीड इंचांचं असतं. त्या इंचभर हालचालीला हजारो माणसांनी एकदम दाद दिलेली मी ऐकली आहे. पडदा नसता तर ती दाद पहिल्या दोन रांगांत राहिली असती.

कॅमेऱ्याच्या नजरेलाही मर्यादा असतात. सेकंदाला २५ चित्रं टिपली तर प्रत्येक चित्रामागे ४० मिलिसेकंद येतात. रेला द्रुत झाला की तेवढ्यात बोटं कुठच्या कुठे जातात आणि पडद्यावर त्यांच्या जागी धुरकट पट्टा उरतो. तारांचं त्याहून विलक्षण. सतारीच्या किंवा तानपुऱ्याच्या तारा पडद्यावर कधी कधी नागमोडी दिसतात. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपत जातो, आणि एक ओळ टिपून दुसरीवर येईपर्यंत तार हललेली असते; वेगवेगळ्या क्षणांचे तुकडे एका चित्रात जोडले जातात. माझ्या पुढे बसलेल्या एका लहान मुलीने आजोबांना विचारलं होतं, “आबा, तार अशी सापासारखी का वळवळतेय?” आबा म्हणाले, “ती कॅमेऱ्याची करामत. खरी तार बघायचीय तर पुढे जाऊन ये.” ती मधल्या वाटेने थेट पुढे गेली, थोड्या वेळाने परत आली आणि म्हणाली, “आबा, तार दिसतच नाही. नुसतं धूसर आहे.” आबांनी मान डोलावली. सतारवादक तेव्हा जोडात होते आणि आबांचं सगळं लक्ष तिकडे होतं.

शिवाय काळाचा एक गुंता आहे, आणि तो मला फार आवडतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे मंचापासून ३४ मीटरवर बसलेल्याला थाप सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी उशिरा ऐकू येते. चित्राला प्रवासाला वेळ लागत नाही, पण पडद्यावर उमटण्याआधी ते कॅमेरा, स्विचर, पडद्याचा प्रोसेसर अशा हातांतून जातं आणि प्रत्येक जण एक-दोन फ्रेम खातो. त्यामुळे अगदी पुढे बसलेल्याला आधी थाप ऐकू येते आणि मग पडद्यावरचा हात पडतो. हे फार खटकतं. निसर्गात असं कधी होत नाही; वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. प्रक्षेपणाच्या क्षेत्रात मानलेले आकडेही हेच सांगतात: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवतं, मागे पडला तर १२५ पर्यंत चालून जातं. मांडवात कुठेतरी मधे मात्र अशी एक ओळ असते, जिथे आवाजाची दिरंगाई आणि चित्राची दिरंगाई सारखी होते आणि पडद्यावरची सम कानातल्या समेवर नेमकी पडते. तबलावादन असलं की मी ती ओळ शोधत सरकत राहते. शेजारचे वैतागतात.

आता त्या काळ्या कापडाआडच्या माणसाकडे येते. त्याच्यासमोर लहान लहान पडदे असतात, कानाला हेडफोन, बोटं स्विचरच्या बटणांवर. मी एकदा जवळून जाताना थोडं थांबून ऐकलं: “दोन नंबर, टाइट दे. होल्ड. तीन, तू वाइडच राहा. दोन, हातावर ये… घेतला.” तो सतत बोलत असतो आणि त्याचं बोलणं कुणालाच ऐकू येत नाही. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभराच्या आसपास चालतं. टीव्हीच्या सवयीने दर चार-पाच सेकंदांनी कट मारला तर एका आवर्तनात डझनभर कट होतात. गायक तिथे एकाच स्वराच्या अवतीभोवती, सावकाश, एकेक बाजू उजळत फिरत असतो, आणि पडदा चेहरा, पेटी, तबला, श्रोते, पुन्हा चेहरा असा उड्या मारत असतो. कानाला दिलेली सबंध मिनिटाची सलगता डोळा बारा ठिकाणी तोडतो. मग घरी गेल्यावर माणूस म्हणतो, विलंबित जरा लांबलं, नाही?

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. दूरदर्शनची जुनी कृष्णधवल ध्वनिचित्रणं आज लावून बघा. कॅमेरे अवजड, जागचे हलायला नाखूश, म्हणून एकच दृश्य किती तरी वेळ टिकतं. गायक आलापात असतो आणि कॅमेरा निमूट त्याच्यासमोर बसून राहतो. ती साधनांची अडचण असेल, पण आलापाला तिने न्याय दिला.

आणि समेचं काय? मुखडा उचलताना गायक तबलजीकडे बघतो. तबलजीची मान किंचित झुकते. सम ही दोघांची असते, म्हणून त्या घडीला पडद्यावर दोघंही हवेत. जाणता माणूस मुखड्याआधीच मधल्या कॅमेऱ्यावर येतो आणि दोघांना एका चौकटीत धरून थांबतो. सम पडते, दोघं हसतात आणि मैदानभर ‘क्या बात है’ उठतं. अजाणत्याच्या पडद्यावर त्याच घडीला हार्मोनियमचा भाता दिसत असतो. मी अशा हुकलेल्या समांबद्दल हळहळले आहे. श्रोत्यांची दाद तेव्हाही येते, पण ती विखुरलेली, कुणाची आधी, कुणाची नंतर.

एक प्रसंग सांगते. एक वयोवृद्ध गायिका. आवाज अजून लखलखीत, पण दम कमी झालेला. बंदिशीच्या मध्यावर त्यांना ठसका लागला. मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येने तत्काळ ओळ उचलली आणि आलाप पुढे नेऊ लागली. मंचावर फ्लास्क उघडला गेला, कोमट पाण्याचा पेला पुढे झाला. पडद्यावर एव्हाना त्यांचा चेहरा दहा-बारा फूट उंच होता. ठसक्याबरोबर तो चेहरा पडद्यावरून गेला आणि तिथे ती शिष्या आली, तारा छेडणारी बोटं आणि थोडी घाबरलेली नजर. कॅमेरा तिच्यावरून हलला नाही. गायिकेने पाणी प्यायलं, पदराने ओठ टिपले, पाठ सरळ केली, षड्ज लावला, आणि तो षड्ज लागल्यावरच पडदा त्यांच्याकडे परतला. श्रोत्यांच्या मनात त्या शिष्येला त्या संध्याकाळी जागा मिळाली. मी कितीतरी साथी ऐकल्या. इतकी समजूतदार साथ थोडीच.

कारण मोठं करून दाखवणं ही नाजूक गोष्ट आहे. ख्याल गाणारा माणूस डोळे मिटतो तेव्हा तो आमच्यापासून दूर, आत कुठेतरी जात असतो. आम्ही ते मिटलेले डोळे पडदाभर करून पाहतो. त्या पापण्यांची थरथर, वयाने सुटलेली त्वचा, तार सप्तकात कापणारी हनुवटी हे सगळं त्याने आम्हाला देऊ केलेलं नसतं. त्याने सूर देऊ केलेला असतो. तेव्हा किती जवळ जायचं हे दर क्षणी ठरवावं लागतं, आणि ठरवणाऱ्याला गाण्याचा कान हवा, मनही हवं.

गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत आता कीर्तनाला कॅमेऱ्याची क्रेन असते, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असतं, बाजूला एलईडी वॉल असते. शहरातल्या माणसाला ते खटकतं. मला त्या क्रेनने एक अपूर्व दृश्य दिलं आहे. पांढऱ्या टोप्या घातलेले टाळकरी दोन्ही बाजूंना रांगेत उभे, अभंगाची चाल द्रुत झाली की सगळ्यांचं पाऊल एकदम पडतं. जमिनीवर बसलेल्याला पुढच्या चार-पाच जणांपलीकडे काही दिसत नाही. क्रेन वर गेली आणि त्या दोन्ही रांगा एकाच श्वासात पुढे येताना आणि मागे जाताना वरून दिसल्या, तेव्हा ‘विठ्ठल विठ्ठल’ या गजराला आकार आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं. तो आकार तिथे शतकांपासून होता. देवळाच्या कळसावरूनच काय तो दिसला असता.

इथवर मी ज्या पडद्याची बाजू घेतली तो मंचावर घडणारं दाखवतो. दुसऱ्या जातीचा पडदा गायकाच्या पाठीमागे उभा असतो आणि त्यावर गाण्याचा अर्थ दाखवला जातो. मल्हार सुरू झाला की ढग, भैरव असला की सूर्योदय, ठुमरीला झरोका आणि कबुतरं. याचा मला राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही. मियाँमल्हारात कोमल गंधाराचं आंदोलन आणि दोन निषादांची ती लगट सुरू झाली की प्रत्येकाच्या आत स्वतःचा पाऊस पडू लागतो. कुणाचा कोयनाकाठचा, कुणाचा दादरच्या चाळीतल्या गॅलरीतला, कुणाचा माहेरच्या पत्र्यावरचा. मागच्या पडद्यावर विकत घेतलेला पाऊस पडू लागला, त्यात कुठल्याशा परदेशी रानातली सूचिपर्णी झाडं भिजू लागली, की हे सगळे पाऊस थांबतात आणि सर्वांना मिळून एकच पाऊस उरतो. आमच्याकडे रागांची चित्रं काढायची परंपरा होती, रागमाला चित्रांचे सुंदर संच आहेत. पण ती चित्रं हातात घेऊन शांतपणे बघायची होती. राग गात असताना गायकाच्या डोक्यामागे लावायची नव्हती.

चित्र आणि संगीत यांनी एकत्र येऊच नये, असं मला म्हणायचं नाही. रशियन संगीतकार स्क्र्याबिनने १९१० साली पूर्ण केलेल्या ‘प्रोमिथिअस’मध्ये प्रकाशासाठी स्वतंत्र ओळ लिहिली, व्हायोलिन-बासरीच्या ओळींसोबत, स्वरलिपीतच. १९११ मध्ये मॉस्कोला ती रचना प्रकाशाशिवाय वाजली. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये रंगीत प्रकाशासह. न्यूयॉर्कमध्येच १९६८ ते १९७१ या काळात फिलमोर ईस्ट नावाचं सभागृह होतं. तिथे रॉक संगीताच्या मागे जोशुआ व्हाइट आणि त्यांचे सहकारी पडद्याआडून प्रकाश वाजवत. वाजवत हेच क्रियापद योग्य. वाटोळ्या काचांमध्ये रंगीत तेल आणि पाणी घालायचं, खालून प्रकाश सोडायचा आणि गिटार चढली की काच दाबायची, ढोल थांबला की हात उचलायचा. प्रत्येक रात्रीचं चित्र त्या रात्रीच जन्माला यायचं. कार्यक्रमाच्या जाहिरातीत बँडच्या नावासोबत त्यांचंही नाव असायचं.

आज लास व्हेगासच्या स्फिअर या सभागृहात आतला पडदाच १,६०,००० चौरस फुटांचा आहे. २९ सप्टेंबर २०२३ रोजी यू-टू या बँडने तो सुरू केला. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा बँड आला तेव्हा गोल पडदे होते आणि प्रेक्षकांच्या मनगटावर उजळणारे पट्टे. त्या आकाराच्या जागेत पडदा नसला तर कार्यक्रमच नाही, आणि तिथली गाणी पडद्याला धरूनच बसवलेली असतात. कोणत्या ओळीला कोणता रंग, हे आधीच ठरलेलं. ख्यालगायकाला मात्र आज मारव्याचा धैवत किती वेळ धरून ठेवणार हे स्वतःला ठाऊक नसतं. आधी तयार केलेलं चित्र त्याच्या मागे लावणं म्हणजे तबलजीऐवजी ठेक्याची ध्वनिफीत लावणं.

खरं तर आपल्याकडे याचं उत्तर जुनं आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कागदावर रंगवलेल्या चित्रांचा संच असतो, त्याला पोथी म्हणतात. कथा सांगणारा एकेक चित्र समोर उभं करतो आणि गातो; वीणा, हुडुक, टाळ साथीला. मोठ्या डोळ्यांचे, एका बाजूने काढलेले चेहरे, जागच्या जागी थांबलेले. समईच्या उजेडात ते चित्र समोर असतं आणि गाणं पुढे पुढे जात असतं. रामाचा बाण चित्रात कायमचा धनुष्यावर आहे. तो सुटतो गाण्यात. चित्र हलत नाही म्हणून ऐकणाऱ्याला त्याला हलवावं लागतं, आणि ते हलवण्याचं बळ सूर देतो. कथेचा तो भाग गाऊन संपला की मगच पुढचं चित्र उभं राहतं. ज्याचा गळा गातो त्याचाच हात चित्र बदलतो, त्यामुळे बदल कधी चुकीच्या जागी येत नाही.

गळा आणि हात एका माणसाचे असणं मुकुंदनगरच्या मैदानावर शक्य नाही. पण ते एकमेकांच्या ओळखीचे तर असू शकतात. निवेदक कलाकारांची नावं सांगतात तेव्हा तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तानपुऱ्यावर कोणकोण हे सांगतात, ध्वनिव्यवस्थेचंही नाव घेतात. त्यात ‘पडद्यावर’ म्हणून आणखी एक नाव घ्यावं. बरं झालं तर टाळी त्याला, समा हुकल्या तर बोल त्याला. आणि ग्रीनरूममध्ये तानपुरे लागत असताना त्या माणसाला आत बोलवावं. आज राग कोणता, विलंबित कुठल्या तालात, द्रुताकडे साधारण कधी वळणार, मींडीला कुठला हात फिरतो, पाण्याचा पेला कुठल्या बाजूला ठेवलाय, हे त्याने विचारावं, आणि गायकाला काय दाखवलेलं नको आहे तेही. दहा मिनिटांचं काम आहे.